डोक्यावरून गेलेले प्रश्न

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असायचं. छापलेल्या संकष्ट्या-एकादश्यांच्या मधे आईच्या निळ्या पेन्सिलीच्या फुल्या असायच्या, दर एकवीस दिवसांनी एक. फुलीच्या दिवशी वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावातून पहिल्या एसटीने आम्ही दोघी मोठ्या दवाखान्यात जायचो. १९७६ साल, मी नऊ वर्षांची. आधी घसा धरला होता, मग गुडघे सुजले, सूज गुडघ्यांतून घोट्यांत उतरली, आणि एके दिवशी डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि दादांना बाहेर बोलावलं. संधिवाताचा ताप. हृदयाच्या एका झडपेला तो लागला होता. पुन्हा उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, आधी सहा लाख युनिटचं, वजन वाढल्यावर बारा लाखांचं, आणि तेही मोठी होईपर्यंत.

ज्यांनी हे इंजेक्शन घेतलंय त्यांना ते कसं असतं ते सांगायला नको. बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी सोडून हलवलं की खडू कालवल्यासारखं दाट होतं. हात जरा सैल पडला की सुई तुंबते, म्हणून कंपाउंडर एका दमात ढकलायचे. पुढे दोन दिवस त्या बाजूचा पाय ओढत चालायचं. टेबल भिंतीला लावलेलं होतं. भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपलं की उजवी बाजूच वर यायची, म्हणून दर वेळी उजवीकडेच. आणि मला झोप लागायची ती उजव्या कुशीवरच. उशाच्या जागी पाय करून झोपवलं असतं तरी डावी बाजू वर आली असती, एकाआड एक बाजू मिळाली असती. हे मला नवव्या वर्षी समजत होतं. सहा वर्षांत कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

डॉक्टर वाईट नव्हते. हातावर लिमलेटची गोळी ठेवायचे. पण त्यांचे सगळे प्रश्न माझ्या डोक्यावरून आईकडे जायचे. जेवते का? धाप लागते का? सांधे धरतात का? शेवटी चिठ्ठी लिहून झाली की मान वर करून मला म्हणायचे, "काय गं, बरं आहे ना?" त्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच होतं. मी म्हणायची, "बरं आहे." एकदाच मी खरं बोलले होते, की जिना चढताना छातीत काहीतरी फडफडतं. परतीच्या एसटीत आई खिडकीकडे तोंड करून घरापर्यंत रडत होती. त्यानंतर मला फडफडलं नाही. म्हणजे फडफडलं, पण सांगितलं नाही.

पुढे मी वैद्यकीय समाजसेविका झाले. हा पेशा आपल्याकडे तसा नवा, देशातली पहिली नेमणूक मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली झाली. मी मुंबईतल्याच दुसऱ्या एका रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात, अठ्ठावीस वर्षं काढली. ट्रस्टच्या नावाने पत्रं लिहिणं, रेशनकार्डाच्या झेरॉक्स जमवणं, गावाहून आलेल्या आईबापांना झोपायला जागा बघणं हे माझं काम. थॅलेसेमियाची मुलं महिन्यातून एकदोनदा रक्त चढवायला यायची, मूत्रपिंडाच्या आजाराची मुलं स्टिरॉइडने गाल फुगवून यायची, रक्ताच्या कर्करोगाची मुलं यायची आणि महिनोन्‌महिने राहायची. आणि राउंड सुरू झाला की मी पाहायची, प्रश्न त्यांच्याही डोक्यावरूनच जात होते. मग मी ग्रंथालयात बसून वाचायला लागले: आजारी मुलालाच विचारावं हे पहिल्यांदा कुणाच्या मनात आलं, आणि त्यांनी ते कसं केलं?

माझ्या मते ती सुरुवात एका बॉयलर सांभाळणाऱ्या माणसापासून होते. जेम्स रॉबर्टसन स्कॉटलंडचे. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या हॅम्पस्टेड भागात ॲना फ्रॉइड यांनी घर सुटलेल्या मुलांसाठी संगोपनगृहं चालवली, तिथे ते बॉयलर पाहायचे आणि पडेल ते काम करायचे. फ्रॉइड बाईंचा नियम असा, की कामाला असलेल्या प्रत्येकाने मुलांबद्दल जे दिसेल ते कार्डावर टिपून ठेवायचं. रॉबर्टसन तिथे बघायला शिकले. १९४८मध्ये जॉन बोल्बी यांनी त्यांना टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये घेतलं आणि रुग्णालयात ठेवलेल्या लहान मुलांचं निरीक्षण करायला पाठवलं.

त्या काळी लंडनच्या रुग्णालयांत आईबापांना आठवड्यातून एखाद-दुसरा तास भेट मिळे. एका मोठ्या रुग्णालयात तर पहिला महिनाभर भेटच नाही. संध्याकाळी सात ते आठ या वेळेत मूल झोपलेलं असताना मात्र येऊन पाहू शकता! आई येऊन गेली की मुलं रडतात, वॉर्डाची घडी बिघडते, म्हणून आई नको, असा हिशोब होता. दाखल झालेलं मूल पहिले काही दिवस आक्रोश करी, नंतर गप्प होई, आणि गप्प झालं की सिस्टर लिहीत, ‘रुळलं’. रॉबर्टसन त्या पलंगांशेजारी बसून राहिले आणि त्यांना दिसलं की हे रुळणं नाही. आधी निषेध, मग हताशपणा, आणि त्यानंतर मूल आईपासून मनानेच तुटतं. आई आली तरी तिच्याकडे बघत नाही.

डॉक्टरांना हे पटेना. तेव्हा रॉबर्टसननी हातात धरायचा कॅमेरा घेतला. प्रतीक्षायादीतून चिठ्ठी काढल्यासारखी एक मुलगी निवडली, लॉरा, अडीच वर्षांनाही थोडी कमी. बेंबीच्या हर्नियाची शस्त्रक्रिया, आठ दिवसांचा मुक्काम. रोज ठरलेल्या वेळांनाच चित्रण करायचं असं त्यांनी बांधून घेतलं, आणि चौकटीत वॉर्डातलं घड्याळ दिसेल असं पाहिलं, म्हणजे सोयीचे क्षण वेचले असं कुणी म्हणू नये. लॉरा फारशी रडत नाही. ती शहाणी मुलगी आहे. चेहरा घट्ट आवरून धरते, आणि मधेच, जणू सहज आठवलं म्हणून, आई कुठे गेली असं विचारते. तो आवरलेला चेहराच बघवत नाही. १९५२च्या नोव्हेंबरात रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा चित्रपट दाखवला तेव्हा कित्येक डॉक्टर-नर्स संतापले, ही मुलगी नेहमीसारखी नाही म्हणाले. सात वर्षांनी, १९५९ साली, सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला की मुलांना भेटायला वेळेचं बंधन नको आणि लहान मुलांच्या आईला सोबत राहू द्यावं. तो वॉर्डावॉर्डात पोचायला पुढे कितीतरी वर्षं लागली, आईबापांना संघटना काढून भांडावं लागलं. १९६१ साली रॉबर्टसननी वर्तमानपत्रातून आणि दूरदर्शनवरून हा विषय मांडला, तेव्हा आलेल्या पालकांच्या पत्रांचंच त्यांनी पुढच्या वर्षी पुस्तक केलं.

पण पाहा, पत्रं पालकांची होती. लॉराने काहीच ‘सांगितलं’ नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून वाचून घेतलं गेलं. मोठ्यांपैकी कुणीतरी मुलाच्या उंचीवर बसून, घड्याळ लावून, पुरावा म्हणून ते नोंदवलं, एवढं मात्र प्रथमच झालं.

आपल्याकडे हा प्रश्न उलटा आहे, असं मला नेहमी वाटत आलंय. परळला बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय १९२९ साली उभं राहिलं. तेव्हापासून या शहरात मुलांसाठी वेगळे वॉर्ड आहेत. मी ज्या ज्या वॉर्डांत गेले तिथे आई बाहेर ठेवलेली नव्हती. ती पलंगाखाली चटई टाकून झोपलेली असते. तीच मुलाला पुसते, भरवते, औषधाची वेळ सांभाळते, तपासणीची बाटली प्रयोगशाळेत नेऊन देते. लॉरापेक्षा आपल्या मुलांचं नशीब मोठं. पण आई सतत शेजारी असली की उत्तरही तिच्यातूनच येतं. मूल आधी तिच्या तोंडाकडे बघतं, आणि मग बोलतं. माझ्या बाबतीत तेच झालं होतं.

मुलं आईबापांकडे बघून आपलं बोलणं गिळतात, हे ज्यांनी कष्टाने उघड केलं त्या तीन अमेरिकी संशोधकांचं काम मला सगळ्यांत जवळचं आहे. तिन्ही कामं रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांशी निगडित आहेत, आणि त्यालाही कारण आहे. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४७-४८मध्ये ॲमिनोप्टेरिन हे औषध देऊन या मुलांचा आजार काही महिने मागे हटवून दाखवला. ते औषध त्यांच्या हाती आलं लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेतून, आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूकडून. त्याआधी ही मुलं आठवड्यांत जात. आता ती महिने आणि वर्षं काढू लागली, बरी होऊन शाळेत जाऊ लागली, पुन्हा उलटून वॉर्डात येऊ लागली. औषधाने मरण लांबवलं आणि त्यातून दीर्घकाळ आजारी असलेलं मूल निर्माण झालं. या मुलाला सुयांचे नंबर पाठ असतात. कोणत्या डॉक्टरचा हात हलका ते त्याला ठाऊक असतं. आणि मोठ्यांनी मात्र ठरवलेलं असतं की त्याला काही कळत नाही, कळू द्यायचंही नाही.

यूजीनिया वेक्टर या परिचारिका होत्या. त्यांचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. सहा ते दहा वर्षांची चौसष्ट मुलं, सोळा-सोळांचे चार गट: जिवावरच्या आजाराची, दीर्घ पण जिवावर न बेतणाऱ्या आजाराची, थोड्या दिवसांसाठी दाखल झालेली, आणि रुग्णालयाबाहेरची. त्यांनी थेट प्रश्न टाळला. चित्रं दाखवली आणि म्हणाल्या, याच्यावरून गोष्ट सांग. जिवावरच्या आजाराच्या सोळा मुलांपैकी फक्त दोघांशी घरच्यांनी आजाराबद्दल मोकळं बोलणं केलं होतं. तरीही या गटाच्या गोष्टींत मरण येत होतं, एकटेपण येत होतं, आणि गोष्टीतल्या मुलाला कित्येकदा सांगणाऱ्याचाच आजार असे. त्यांच्यातली चिंता रुग्णालयातल्या इतर मुलांच्या जवळजवळ दुप्पट निघाली.

जॉन स्पिनेटा यांनी शब्दही मागितले नाहीत. रुग्णालयातल्या खोलीची छोटी प्रतिकृती केली, तिच्यात पलंग, पलंगावर आजारी मूल. मुलाच्या हातात चार बाहुल्या दिल्या: डॉक्टर, नर्स, आई, वडील. या नेहमी जिथे असतात तिथे ठेव. ल्युकेमियाच्या मुलांनी त्या चारही बाहुल्या इतर दीर्घ आजारांच्या मुलांपेक्षा पलंगापासून लांब ठेवल्या. पुन्हा दाखल झाल्यावर अंतर आणखी वाढलं. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आईची बाहुली लांब ठेवणाऱ्या मुलाची खरी आई त्याच्या पलंगाला टेकूनच बसलेली असणार.

आणि मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर. त्या मानववंशशास्त्रज्ञ, एखाद्या बेटावरच्या जमातीत जाऊन राहावं तशा त्या सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या एका रुग्णालयात तीन ते नऊ वर्षांच्या ल्युकेमियाग्रस्त मुलांमध्ये महिनोन्‌महिने वावरल्या. त्यांचं पुस्तक १९७८मध्ये आलं. मुलं कशी शिकतात याचा क्रम त्यांनी मांडला. आधी कळतं की आजार मोठा आहे. मग औषधांची नावं आणि त्यांचे त्रास. मग कोणती तपासणी कशासाठी. मग हे की आजार हटतो आणि परत येतो. आणि शेवटी, ओळखीचं एखादं मूल गेलं की, हे की तो एक दिवस परतून न हटण्यासाठी येतो. वय महत्त्वाचं नव्हतं, अनुभव महत्त्वाचा होता. तीन-चार वर्षांचं अनुभवी मूल नऊ वर्षांच्या नवख्या मुलापेक्षा जास्त जाणत असे. ही माहिती मुलं एकमेकांकडून मिळवत, मोठ्यांचं बोलणं चोरून ऐकून जुळवत. आणि आपल्याला कळलंय हे आईबापांना कळू नये याची काळजी घेत. आईबापही आपल्याला कळलंय हे मुलांना कळू देत नसत. दोन्हीकडून नाटक चाले, कारण नाटक थांबलं तर माणसं खोलीत थांबणार नाहीत अशी भीती मुलांना असे.

‘बरं आहे’ या दोन शब्दांचा अर्थ मला या पुस्तकात सापडला. मुलाचं ते उत्तर खोटं नसतं. घर उभं राहावं म्हणून त्याने दिलेला टेकू असतो तो. म्हणून मुलाला विचारायचं तर आधी त्याची खात्री पटवावी लागते, की तुझ्या उत्तराने इथलं कुणी कोसळणार नाही. ब्लूबॉन्ड-लँगनर यांनी मुलांना मुभा दिली होती, नको असेल तेव्हा मला घालवून द्या. ही मुभा मी हे वाचलं त्या दिवसापासून माझ्या कामात उचलली. मुलं घालवून देतात. दोनदा देतात, आणि तिसऱ्यांदा स्वतः हाक मारतात.

वेदनेची गोष्ट याला समांतर चालली, आणि तिच्यातला एक आकडा मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायची. जो ईलंड या आयोवातल्या परिचारिका. १९७७ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यासह शस्त्रक्रिया झालेल्या चार ते आठ वर्षांच्या पंचवीस मुलांचे कागद तपासले. त्यांतल्या तेरा मुलांना पूर्ण मुक्कामात वेदनाशामकाचा एकही डोस मिळाला नव्हता. सगळ्या मुलांना मिळून चोवीस डोस. तशाच आजारांच्या अठरा प्रौढांना मिळून सहाशे एकाहत्तर. मुलांना कमी दुखतं, ती लवकर विसरतात, अशी समजूत पक्की होती. तान्ह्यांच्या बाबतीत तर ऐंशीच्या दशकातही भूल नाममात्र देऊन शस्त्रक्रिया होत. ज्याला बोलताच येत नाही त्याला कसं विचारणार? त्याचं उत्तर कंवलजीत आनंद या भारतीय डॉक्टरने ऑक्सफर्डमध्ये दिलं: रक्तातल्या ताणाच्या संप्रेरकांना विचारा. १९८७ साली त्यांनी दाखवलं की पुरेसं वेदनाशामक दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं शरीर कमी खवळतं आणि गुंतागुंतही कमी होते.

ज्यांना बोलता येतं त्यांच्यासाठी ईलंडनी रंगीत खडू आणि माणसाची बाह्याकृती दिली: जास्त दुखण्याचा रंग तूच निवड आणि जिथे दुखतं तिथे भर. नॅन्सी हेस्टर यांनी जुगारात वापरतात तशा प्लॅस्टिकच्या चार चकत्या दिल्या: हे दुखण्याचे चार तुकडे, तुझ्याकडे किती आहेत? आणि ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात, भाजलेल्या मुलांच्या विभागात, १९८१च्या सुमारास परिचारिका डॉना वाँग आणि मुलांच्या खेळ-आधाराचं काम पाहणाऱ्या कॉनी बेकर यांनी मुलांसमोर रिकामी वर्तुळं ठेवली. आकडे मुलांना जमत नव्हते, रंगांवर गोंधळ होई. वर्तुळात मात्र मुलांनी चेहरे काढले, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. त्या चित्रांवरून चित्रकाराने सहा चेहरे पक्के केले. आज आपल्या दवाखान्यांतही भिंतीवर ते सहा चेहरे दिसतात. ते मुलांच्या हातून उतरले आहेत हे फार थोड्यांना माहीत असतं.

माझी मात्र त्या चेहऱ्यांशी थोडी तक्रार आहे. शेवटच्या चेहऱ्याच्या डोळ्यांत पाणी आहे. आमच्या वॉर्डात हिमोफिलियाचा एक दहा वर्षांचा मुलगा होता, गुडघ्यात रक्त साचून गुडघा नारळाएवढा झालेला. तो चौथ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचा. का रे, असं विचारलं तर म्हणाला, "मावशी, तो सहावा रडतोय. मी कुठे रडतोय?" अशाच कारणांनी पुढे अश्रू आणि हसू दोन्ही नसलेले चेहरे तयार झाले, त्यांचं सुधारित रूप २००१ साली आलं. मी तोवर चिंचोक्यांवर आले होते. हेस्टर बाईंच्या चकत्यांऐवजी चार धुतलेले चिंचोके. कोकणातली, घाटावरची, मराठवाड्यातली, सगळ्यांची पोरं चिंचोके ओळखतात. तो मुलगा चारही चिंचोके माझ्या हातातून घ्यायचा आणि वर म्हणायचा, अजून एक आहे का?

नव्वदच्या दशकात विचारण्याला कायद्याचा आधार आला. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं बारावं कलम सांगतं की मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडता आलं पाहिजे आणि त्याला वजन मिळालं पाहिजे. संहिता १९८९ची, भारताने ती १९९२मध्ये स्वीकारली. इंग्लंडमध्ये प्रिसिला ऑल्डरसन यांनी हाडांच्या शस्त्रक्रिया होणाऱ्या आठ ते पंधरा वर्षांच्या एकशेवीस मुलांशी बोलून १९९३ साली दाखवलं की त्यांना आपल्या शस्त्रक्रियेबद्दल मोठ्यांच्या कल्पनेपेक्षा बरंच कळतं. प्रश्नावल्याही आल्या. अमेरिकेतल्या जेम्स वार्नी यांची प्रश्नावली तेवीस प्रश्नांची, मुलासाठी वेगळी, पालकांसाठी वेगळी. ती आम्ही तोंडी मराठीत विचारून पाहिली आणि चालण्याबद्दलच्या पहिल्याच प्रश्नाला अडखळलो, कारण तिथे अंतर ‘ब्लॉक’मध्ये मोजलेलं होतं. लालबागच्या मुलासाठी आम्ही ते चाळीच्या टोकापासून नळापर्यंत केलं, जव्हारच्या मुलीसाठी घरापासून विहिरीपर्यंत. दोन्ही कागद शेजारी ठेवले की दिसायचं, चालणं, धावणं, खाणं यावर आई आणि मूल जुळतात. भीती, शाळा, मित्र यावर दोघांची उत्तरं दोन गावची. क्रिस्टीन आयझर यांनी २००१ साली अनेक अभ्यास एकत्र तपासून हेच नोंदवलं होतं. आई खोटं लिहीत नव्हती. तिला दिसत होतं तेवढं ती लिहीत होती.

इंग्लंडने २०१४ साली देशभरातल्या रुग्णालयांत राहून गेलेल्या मुलांचं सर्वेक्षण केलं, आठ वर्षांवरच्यांना स्वतःचे प्रश्न स्वतः भरायला दिले. त्याहून मला तिथल्या वॉर्डांतली एक साधी रीत आवडली. कागदाचे सदरे आणि चड्ड्या कापायच्या. आवडलं ते सदऱ्यावर लिहायचं, आवडलं नाही ते चड्डीवर, कारण तिकडच्या मुलांच्या बोलीत टाकाऊ गोष्टीला चड्डी म्हणतात. मग वॉर्डात दोरी बांधून चिमट्यांनी वाळत घालायचं. बोलीचा खेळ मराठीत उतरत नाही, पण दोरीवर चड्डी वाळत घालायची म्हटल्यावर आमची मुलंही पलंगावरून उठून बसली.

पहिल्या आठवड्यात सदरे पुष्कळ आणि चड्ड्या तीनच. मुलं अजून सिस्टरांचं तोंड बघत होती. मग एका थॅलेसेमियाच्या मुलाने लिहिलं, रक्त शनिवारी चढवा, माझी शाळा बुडते. आम्ही शनिवार मिळतो का पाहिलं, मिळाला नाही; रक्तपेढीची आणि विभागाची माणसं शनिवारी अपुरी. मी त्याला जाऊन तसं सांगितलं. तो म्हणाला, "मग शुक्रवारी तरी. शुक्रवारी दोन तास पी.टी. असतं, तसंही मला बसवूनच ठेवतात." शुक्रवार मिळाला. वॉर्डात ही बातमी जेवणाच्या ट्रॉलीच्या वेगाने पसरली आणि दुसऱ्या दिवशी दोरीला जागा उरली नाही. रात्री रक्त काढायच्या आधी नावाने हाक मारा, एकदम हात ओढू नका. ट्यूबलाइट डोळ्यांवर येते, पलंग फिरवा. गाल फुगलेत म्हणून डॉक्टर गालगुच्चा घेतात, तो नको. डॉक्टर आईला बाहेर नेऊन बोलतात तेव्हा भीती वाटते, आत बोला. हे शेवटचं वाचताना मला दवाखान्याच्या त्या दाराबाहेर उभे असलेले दादा दिसले.

आणि एका चड्डीवर, तिरक्या अक्षरात: लिहायच्या हाताला सुई नको. ती मुलगी अकरा वर्षांची, मूत्रपिंडाची, चौथीत स्कॉलरशिपला बसलेली. तिचं ते अक्षर तिरकं होतं, कारण ती डाव्या हाताने लिहीत होती. उजव्या हाताला सलाइन होतं.

आमच्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर बोलायला कमी. त्यांनी ती चड्डी दोरीवरून काढली, नर्सिंग स्टेशनवर नेली, पट्टी घेतली आणि वॉर्डातल्या प्रत्येक केसपेपरवर वजनाच्या रकान्याखाली एक रेघ मारून लिहिलं: ‘हात कोणता — मुलाला विचारून’. छापील केसपेपर बदलायला परवानग्या लागतात, म्हणून पुढे कित्येक वर्षं ती रेघ हातानेच मारली जायची. दर सोमवारी नवा गठ्ठा आला की रात्रपाळीची सिस्टर पट्टी घेऊन बसायची. मी निवृत्त झाले त्या आठवड्यातही ती बसलेली होती.